काळजीवाहू

सव्वासातला पहिला संदेश आला तेव्हा
नेडेल्काने अजून कोटही काढला नव्हता.
उत्तरेकडच्या मोठ्या देशाने नोंद घेतली होती.
नुसती नोंद.
तीस वर्षं भाषांतर करून तिला एवढं कळतं,
नोंद ठेवतात ती उधारीची.

सोफियात मार्च. व्हितोशाच्या माथ्यावर बर्फ,
खाली पिवळ्या विटांच्या रस्त्यावर चिखल,
आणि मनगटामनगटांवर लाल-पांढरे दोरे,
पहिला करकोचा दिसेपर्यंत सोडायचे नाहीत असे.

नवे पंतप्रधान काल रात्री नेमले.
त्रेंदाफिल बोझकोव्ह, पाटबंधारे खात्यातले,
धरणांच्या पातळ्या मोजण्यात हयात गेलेले.
निवडणुकीपर्यंतच. एकोणसाठ दिवस.
मी ज्या भाषेत हे लिहितोय
तीत अशा माणसाला काळजीवाहू म्हणतात.
राज्य दुसरे करणार,
हा फक्त काळजी वाहणार,
डोक्यावर हंडा वाहावा तशी, न सांडता.

दुपारपर्यंत ढीग झाला.
आशा बाळगणारे, अपेक्षा ठेवणारे,
परिस्थितीकडे बारकाईने पाहणारे.
दक्षिणेच्या शेजाऱ्याने अभिनंदनाच्या शेपटीला
गॅसचं थकलेलं बिल बांधलं.
कुठल्याशा बेटाने मागच्याच पंतप्रधानांना
उदंड यश चिंतलं, मसुद्यात नाव बदलायचं राहिलं.
ते पत्र नेडेल्काने खणात ठेवलं.
बिचाऱ्याला नंतर कधीतरी देऊ, म्हणाली,
त्याला आता कोण लिहिणार?

‘हार्दिक’ कुणी लिहिलं, कुणी गाळलं,
हे लाल पेन्सिलीने वेगळं टिपायचं असतं.
सहा हार्दिक. पंचवीस नुसते.

चार वाजता राजदूत आले,
उंच, सभ्य, या देशात येऊन तीन आठवडे झालेले.
चहा नको म्हणाले. सरळ विचारलं,
मतदान ठरल्या तारखेला होईल ना?

बोझकोव्ह खेड्यातला माणूस.
त्याने त्याच्या आज्याने केलं असतं तेच केलं,
मान डावीकडून उजवीकडे हलवली, शांतपणे, दोनदा.
इकडे त्याचा अर्थ हो.

राजदूतांचं पेन थांबलं.
शेजारचा सचिव टेबलाखाली
फोनवर काहीतरी टाइप करू लागला.
नेडेल्का शब्दांची भाषांतरकार,
मानेचं तिला कुणी मानधन देत नाही.
तरी न राहवून बोललीच,
“ते हो म्हणाले.”

राजदूतांनी तिच्याकडे असं पाहिलं
की जणू तिने बिलात एक ओळ वाढवली.
पुन्हा विचारलं, हळू, एकेक शब्द सुटा करून.
आणि आता बोझकोव्हांना आठवलं
शिष्टाचारवाल्या पोरीने सकाळी बजावलेलं,
पाहुण्यांची मान उलटी चालते, साहेब.
पाहुण्यांचा मान राखावा म्हणून
त्यांनी मान वरखाली हलवली.

खोलीतल्या तिन्ही बल्गेरियनांच्या पोटात गोळा.

“हेही होच,” नेडेल्का म्हणाली,
“हे तुमच्यासाठी होतं.”

रात्री कुठल्याशा राजधानीत तार पोचली असेल:
नव्या पंतप्रधानांची सूचक संदिग्धता.
तिथे कुणी चष्मा पुसून त्या दोन शब्दांवर
चार पानांचं टिपण लिहिलं असेल.

बोझकोव्हांनी जाताजाता विचारलं, एकूण किती आली?
एकतीस.
ते ऐकता ऐकता फोन फिरवत होते,
इस्कर धरणावरच्या रात्रपाळीला.
बर्फ वितळायला लागलाय, दारं तपासा, म्हणाले.
याबद्दल कुणीच चिंता व्यक्त केली नव्हती.

ट्रॅममध्ये शेजारच्या म्हातारीने
नेडेल्काच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं,
पिशवीतली बानित्सा सावरत विचारलं,
बरा आहे का गं नवा माणूस?

नेडेल्काने मान हलवली.
डब्यात कुणालाच भाषांतर लागलं नाही.

मनगटावरचा दोरा काळसर झाला होता.
खिडकीबाहेर तारा, कावळे, निवडणुकीचे कोरे फलक.
करकोचा कुठे दिसला नाही.