मधली वादी

उमानाकच्या शाळेत नोव्हेंबरात
सकाळी दहालाही दिवे लावलेलेच.
फळ्यावर दोन घसरगाड्या :
पुढची साठ किलो, मागची चाळीस,
मध्ये एक रेघ. पुढून ओढ दोनशे न्यूटन.
“घर्षण नाही असं धरा,” मी म्हणाले,
तसा शेवटच्या बाकावरून इनुतेक हसला :
“बाई, कुत्र्यांना विचारलंत का?”

मग वही ओढून बसला.
आधी दोन्ही गाड्या एकच मानल्या,
शंभराला दोनशे, त्वरण दोन.
मग मागचीभोवती पेन्सिलीने गोल काढला,
पुढचं सगळं तळहाताने झाकलं.
चाळीस दुणे ऐंशी.
“मधल्या वादीवर एवढाच ताण?”
एवढाच.
पुढे कुत्रे किती, हाकतंय कोण,
तिला काही ठाऊक नसतं.
तिच्या वाट्याला फक्त मागचं.

बराच वेळ तो खोडरबर कुरतडत राहिला.

गेल्या मार्चात बापाच्या गाडीमागे
आक्कालूकाकाची गाडी बांधलेली,
हॅलिबटनं काठोकाठ.
सीलच्या कातड्याची वादी, तुटली.
“धावताना नाही, बाई. निघतानाच.
बाबा म्हणतो, मासे फार भरले.
काका म्हणतो, हिसका फार दिला.”
तेव्हापासून दोघं बंदरावर
एकमेकांना पाठ करून जाळी सोडवतात.

त्याने पुन्हा पेन्सिल घेतली.
एका बाजूला वस्तुमान, दुसऱ्या बाजूला त्वरण,
मध्ये गुणाकाराची बारीकशी फुली.
तिच्याकडे बघत बसला.

घंटा झाली. पान फाडून, घडी घालून
त्याने अनोरॅकच्या खिशात ठेवलं.
मला तपासायला दिलंच नाही.