वीस तेत्रीची लिफ्ट

तिब्लिसीच्या ग्लदानी भागात एक नऊ मजली इमारत आहे,
तिची लिफ्ट नाणं टाकल्याशिवाय हलत नाही.
चढायला वीस तेत्री, उतरणं फुकट.
आयुष्यात नेमकं उलटं असतं, म्हणते ननुली.

ननुली नवव्या मजल्यावर.
तिचे गुडघे तिसऱ्यावरच थांबतात.

मुलगी मझिया दूर बेर्गामोला,
कुणा सिन्योरा पिएराला आंघोळ घालते, भरवते,
रात्री दोनदा उठून कूस बदलून देते.
रविवारी फोन:
'आई, इथल्या डॉक्टरांनी बाईंना सांगितलंय,
झोपण्यापूर्वी तीन गोष्टी लिहायच्या,
दिवसभरात ज्या मिळाल्या, ज्यांचं बरं वाटलं.
तूही लिही ना.'
ननुली म्हणाली,
'तुझ्या बाईंच्या वहीत तू आहेस का?'
पलीकडे नुसता ताटल्यांचा आवाज.
मग, 'अक्षर लागत नाही गं त्यांचं.'

तरी तिनं वही काढली. ओतारची.
पहिल्या पानावर अजून त्याचा हिशेब:
खिळे, बॅटरी, पुन्हा खिळे.
त्याच्या खाली एक रेघ मारून लिहिलं:

सोमवार. लिफ्ट चालली.
मंगळवार. लिफ्ट चालली. पाव गरम होता,
टोक वाटेतच खाल्लं.
बुधवार. काही नाही.
गुरुवार. जुजुनानं मला पाहून तोंड फिरवलं.
बरं झालं, मलाही कुठे बोलायचं होतं.
शुक्रवार. नळाला आधी गंज आला, मग पाणी.

(जुजुना आठव्या मजल्यावरची.
छताच्या गळतीवरून तीन वर्षं अबोला.)

शनिवारी बाजारातून आठ किलो आलुबुखार,
आंबट, हिरवे, चटणीचे.
पर्समध्ये पाच लारींची नोट, सुटं काही नाही.
लिफ्टच्या डब्याला नोट कळत नाही.
ती नुसतीच आत जाऊन उभी राहिली,
जसं बंद दुकानासमोर माणूस थोडा वेळ उभं राहतं.
आणि दिसलं:
डब्याच्या वरच्या फटीत, नीट उभं करून ठेवलेलं
एक नाणं.

लिफ्ट कण्हत निघाली,
ननुली, आठ किलो फळं, अडुसष्ट वर्षं
सगळं घेऊन.
तिच्या भाषेतला शब्द वेगळा आहे,
पण मी हे मराठीत सांगतेय म्हणून मला दिसतं:
आभार या शब्दात भार आहे.
कुणीतरी तो उचललेला असतो
आपण दार लागायची वाट बघत असताना.

बोटं तिनं नाकाशी नेली.
लसूण.
या जिन्यात दर शनिवारी लसणाचं लोणचं घालणारी
एकच बाई आहे.

वहीत लिहिलं: नाणं.
नाव नाही लिहिलं.
इतक्यात नाही, ती स्वतःशीच म्हणाली,
आणि छताचे पैसे अजून यायचेत.

रविवारी मझिया म्हणाली,
'औषधाच्या दुकानातल्या मुलाकडून वाचून घेतलं.
बाईंनी लिहिलंय: कॉफी. खिडकीतलं ऊन. हात.'
'कुणाचे हात?'
'ते नाही लिहिलं.'
आणि हसली. ननुलीला ते हसणं ओळखीचं होतं,
लहानपणी पडल्यावर
लागलं नाही म्हणायची, तेव्हाचं.

'जेवलीस का?'
'जेवले.'
'काय जेवलीस?'
'आई, ठेवते आता, बाई हाक मारतायत.'

रात्री ननुलीनं चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता.
वहीत 'नाणं' या शब्दाच्या शेजारी जागा थोडी,
अक्षरं दाटीवाटीनं बसवावी लागली: जुजुना.
शेवटचं अक्षर समासात गेलं.
तिसरं काय लिहावं म्हणून पेन झटकत ती बसून राहिली,
आलुबुखार शिजत होते, काच धुरकट झाली होती,
आणि खाली, आठ मजले खाली,
कुणीतरी नाणं टाकलं.
ते पडलेलं तिला वर ऐकू आलं.