तीनशे पंधरा वॅट

वडगावात आमच्या मागाच्या खोलीला खिडकी नाही.
वाऱ्यानं ताणा हलतो, म्हणून बांधतानाच ठेवली नाही.
चार माग होते. किलोवर गेले, भंगारात.
फरशीवर त्यांच्या पायांचे चौकोन राहिलेत,
तिथं आता मी कुंड्या मांडल्यात:
सात बिगोनिया, एक अँथुरियम,
आणि जांबोटीच्या रस्त्यावर
मोडक्या फांदीसकट मिळालेली आमरी.

खडेबाजारात कलघटगी म्हणाला, एलईडी न्या,
सगळे तेच नेतात, बिल कमी.
लावून दाखवला. जांभळा.
मी माझ्या हाताकडं बघितलं,
हात दुसऱ्या कुणाचातरी वाटला, आजारी माणसाचा.
झाड वाढतंय म्हणे यात. वाढत असेल.
पण पानावर डाग पडला तर तो
पिवळा की तांबूस,
हे जांभळ्यात मला कोण सांगणार?
पांढरा एलईडी पण आहे की, तो म्हणाला.
तोवर मी काउंटरपासून मागं सरलो होतो.

एकतीस वर्षं मी रंग जुळवले.
गिऱ्हाईक म्हणायचं मोरपंखी,
मी म्हणायचो, दारात या.
ट्यूबखाली मोरपंखी निळा होतो,
पिवळ्या बल्बखाली हिरवा,
आणि नेसून लग्नाला गेल्यावर तिसराच.
पदर उंबऱ्यावर धरायचा, दहाच्या उन्हात,
मग काय ते बोलायचं.

म्हणून विचारलं,
दारातल्या उन्हासारखं काही आहे का?

त्यानं वरच्या फळीवरचं खोकं काढलं, धूळ फुंकली.
सिरॅमिक मेटल हॅलाइड.
काचेच्या आत करंगळीच्या पेराएवढी
चिनी मातीची कुपी, तिच्यात क्षार,
ते तापतात, वाफ होते, वाफ उजळते.
मातीतून उजेड आरपार येतो, हे काही मला पटेना.
"एकतीसशे केल्विन फुलाला, बेचाळीसशे पानाला," तो म्हणाला.
फुलाचं नंतर बघू.
खिशातून लडी काढली, बेचाळीसशेखाली धरली.
मोरपंखी मोरपंखीच राहिला.
पैसे मोजताना मी भाव केला नाही,
हे घरी सांगितलेलं नाही.

इराप्पानं बॅलास्ट भिंतीवर ठोकला.
दिवा मी मागाच्याच कप्पीवर टांगला, दोरीनं
वरखाली होतो. उंची मोजायला टेप नको.
पानाच्या बरोबरीनं हात पालथा धरायचा,
तीस आकडे म्हणायचे,
चटका बसला तर वीतभर वर घ्यायचा.
दिवसाला पावणेचार युनिट.
बिल कन्नडात येतं, आकडा मात्र
कुठल्याही भाषेत कळतो.

परवा संध्याकाळी लाइट गेली.
दोन मिनिटांत आली.
शेजारच्या कारखान्यात माग लगेच सुरू,
खटाखट, खटाखट, जणू मध्ये काही झालंच नाही.
आमच्या स्वयंपाकघरात ट्यूब लागली, फ्रिज घुरघुरला.
दिवा नाही.
गेला, म्हटलं. फसलो. पैसे बुडाले.
इराप्पाला फोन लावला. तो जेवत होता.
"बिसि ऐत्री काका, तण्णगं होऊ दे."
गरम आहे तोवर पेटायचा नाही,
थंड झाल्याशिवाय नाही,
घाई केली म्हणून नाही.

मी अंधारात पाटावर बसलो.
पलीकडून मागांचा आवाज येत होता,
भिंतीला हात लावला तर
हातातही येत होता.
या खोलीत मी कधी
रिकाम्या हातानं बसलो नव्हतो.

पंधरा मिनिटं असतील, वीस असतील.
आधी कुपीत एक हिरवट ठिपका,
मग काहीतरी राखाडी, मग कुंड्यांच्या कडा,
मग भिंत, मग एकेक पान
आपापल्या रंगात शिरत गेलं.
पंख्याच्या वाऱ्यानं बिगोनियाचं एक पान उलटलं.
पाठ तांबडी नव्हती, वांगीही नव्हती.
हा रंग मी कुठं तरी बघितला होता.

उठलो, कपाटातलं शेडकार्ड काढलं,
दिव्याखाली आणून पानाशेजारी धरलं.
दोनशे बारा.
हुबळीच्या एका बाईंसाठी काढलेला,
एकदाच. पुन्हा जमला नव्हता.