इतिवृत्त

मुद्दा क्रमांक सात घाईतच आला,
बेलार्ड इस्टेटच्या चौथ्या मजल्यावर, पावणेदोनला,
शेजारच्या खोलीत जेवणाची झाकणं वाजत असताना.

"एकशे चाळीस कोटी," दुबाशशेठ म्हणाले,
"ही अंबरनाथची कंपनी कुणाची?"

नऊ वर्षांत त्यांनी विचारलेला
हा बहुधा पहिलाच प्रश्न.
एरवी ते डुलकी घेत, आणि सहीच्या जागी
मी पेन्सिलीने फुली करून ठेवी.

अध्यक्ष हसले.
मेहुणा हा शब्द कुणीच उच्चारला नाही.
काजूची बशी फिरली.

मी लिहिलं : चर्चा झाली.
दोन शब्द. कायद्याला चालतात.
त्यांतून अख्खा हत्ती जातो,
शेपटासकट.

जोखमीच्या तक्त्यात तो चौकोन
एप्रिलमध्ये लाल होता, जूनमध्ये केशरी.
सप्टेंबरात कुणीतरी पिवळा केला.
पैसे आले नव्हते;
रंग तेवढा उतरला,
स्वस्तातल्या साडीचा उतरतो तसा.

सोमवारी पत्र आलं.
प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा.
"अन्य कोणतेही कारण नाही" ही ओळ
आमच्याच प्रिंटरवर छापलेली,
डाव्या कडेला तीच करडी रेघ.
मी शेअर बाजाराला कळवलं. वेळेत.

लिफ्ट त्या दिवशी बंद होती.
एकोणऐंशी वर्षांचे दुबाशशेठ
चारही मजले उतरले
कठड्याला हात न लावता.
फाईल घेऊन मागे मी, धापा टाकत.

दारवानाच्या स्टुलापाशी थांबून म्हणाले,
"डिकरी, तुझी पेन्सिल दे.
फुली कुठे मारायची
ते आता मला कळतं."