मागचा शहाणा

निक्कोकडे जाणाऱ्या घाटाच्या तोंडाशी
ओनोदेरा किनुएचं गॅरेज.
नोव्हेंबर. शटर अर्धं खाली, रॉकेलचा हीटर धुमसतोय.
लिफ्टवर करडी कूपे,
मालकापेक्षा सात वर्षांनी मोठी.

"मागची चाकं बांधून टाका," हायासे म्हणतो,
"वळणावर शेपूट स्वतःच्या मनानं जाते.
सगळे हेच करतात."
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला दांडा
बाकावर ठेवतो, नैवेद्य ठेवावा तसा.

ती हात पुसते. त्याला गाडीखाली बोलावते.
बॅटरी धर. इथे नाही, वर.

स्टिअरिंगपाशी एक सेन्सर बसलाय,
तू किती फिरवलंस ते मोजतो, आणि किती घाईनं.
दुसरा वेग मोजतो.
दोघं त्या डब्याला सांगतात, डबा मोटरला,
आणि मोटर चाकांना ढकलते: वेगात असलास
तर एक अंश.
मिनिटकाटा दहा सेकंदांत सरकतो, तेवढाच.

हळू असलास तर जरा जास्त, आणि पुढच्यांच्या उलट.
गाडी आखूड झाल्यासारखी
गल्लीच्या कोपऱ्यात मावते.
वेगात पुढच्यांच्याच बाजूला.
मग ती लांब होते,
नाक फारसं न फिरवता अख्खी सरकते,
कागदी दार सरकतं तशी.

"आणि मधे?"

मधे एक वेग असतो
जिथे मागची चाकं काहीच करत नाहीत.
बाबा टेस्ट ट्रॅकवर बावीस वर्षं
बाजूच्या सीटवर बसले, गुडघ्यावर वही.
प्रत्येक वळणाला एकच शब्द लिहायचे:
उशीर. उशीर. उशीर.
एकदाच काही लिहिलं नाही,
त्या दिवशी घरी येताना ईल घेऊन आले.

पुढच्याला ठेच लागेपर्यंत थांबला
तर मागचा शहाणा कसला?
नुसता उशिरा आलेला.

ती मागचं चाक दोन्ही हातांनी हलवते.
टक. टक.
ऐकलंस? मन नाही, सांधा आहे. सैल झालाय.
चार हजार येन आणि एक तास.

सांधा बसतो. हायासे घाटात जाऊन येतो.
इंजिन बंद करत नाही.
"कसं झालं?"
"काही जाणवलंच नाही."
मग काच थोडी वर घेत,
"तरी बांधून टाका. दांडा आणलाच आहे."

किनुए वाद घालत नाही.
रॅक काढते, तेल निथळू देते,
त्याच वर्तमानपत्रात गुंडाळते,
वर खडूनं लिहिते: हायासे.
फळीवर आधीच आठ आहेत.
एक तर बाबांच्या हातची खूण असलेली.

सहा वाजता शटर ओढून
ती आपल्या व्हॅनमध्ये बसते.
अंगण अरुंद, व्हॅन साधी.
बाहेर पडायला
तीनदा मागेपुढे करावं लागतं.