बुडबुडा

फेब्रुवारीतली दुपार, उद्यमबागेत धूळ,
आणि डॉक्टरीणबाईंची गाडी आली
वायपर हलवत.
कोरड्या काचेवर रबर करकरतंय,
पुढचे दिवे भर उन्हात पेटलेले,
जणू ती एकटीच
जांबोटीच्या रानातून पावसात येऊलालीय.

"मळी एल्लि री?" इराप्पानं विचारलं,
आधी आभाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

शैलजा होनगेकर, गुरांच्या डॉक्टर, खानापूर.
"महिना होत आला," म्हणाल्या.
"रात्री कणकुंबीला म्हैस अडली होती,
सगळी वाट ही पुसत बसली, चांदणं पडलेलं असताना.
ऑटोवर ठेवलं की हिला भास होऊलालेत बघा."

मी आधी चुकलो. ते सांगायला पाहिजे.
फ्यूज बदलला. रिले काढून दुसरा घातला.
स्टिअरिंगखालचा दांडा खोलून
आतले पितळी पाय घासून पुसले.
स्कॅनर लावला, एक कोड नाही.
स्कॅनर म्हणतोय सगळं ठीक,
वायपर म्हणतोय पाऊस.
चहा झाला. परत झाला.

बाई स्टुलावर बसून बघत होत्या.
"आमचाही पेशंट बोलत नाही हो.
म्हणून मी मालकाला पहिलं विचारते,
चारा कधी बदलला?"

पान्हा खाली ठेवला मी.
"काच बदललीय काय हिची?"
"संक्रांतीच्या आदल्या दिवशी. चोर्ल्याला ट्रकखालनं दगड उडाला.
एक पोरगा घरी येऊन तासात बसवून गेला."

तासात.

आरशामागची काळी डबी काढली.
आत हिचा डोळा, नखाएवढा.
तो पाऊस बघत नाही.
काचेत तिरका उजेड सोडतो, आपल्याला न दिसणारा,
आणि परत किती आला ते मोजत बसतो.
वर थेंब बसला की थोडा उजेड बाहेर निसटतो,
हिशेबात तूट येते,
आणि तुटीलाच तो पाऊस म्हणतो.
काच आणि डोळ्याच्या मधे जेलीची चकती असते.
ही जुनीच, ओढून काढून परत दाबलेली,
आणि तिच्यात एक बुडबुडा,
तिळाएवढा.
संक्रांतीपासून एकच थेंब पडत होता,
आतल्या बाजूनं.

दिव्यांचं वेगळंच निघालं.
टोलचा स्टिकर त्या पोरानं नेमका
उजेड बघायच्या खिडकीवर चिकटवलेला.
गणेबैलच्या नाक्याला गाडी ओळखू येत होती,
गाडीला दिवस नाही.

नवी चकती हुबळीहून बसनं आली, तिसऱ्या दिवशी.
काच पुसायला स्पिरिट शोधलं तर बाटली रिकामी.
बाईंनी बॅगेतनं त्यांचं दिलं,
सुईच्या आधी कातड्याला लावायचं.
गॅरेजला गोठ्यातल्या दवाखान्याचा वास सुटला.
एका कडेनं टेकवत न्यायचं,
हवा पुढं ढकलत, घाई न करता.
बाहेरून बॅटरी मारून बघितलं.
आत काही नाही. नुसती काच.

इराप्पानं बाटलीनं पाणी मारलं.
एकदा पुसलं, थांबली.
जोरात मारलं, भराभर पुसलं, परत थांबली.
माझी टोपी मी काचेवर धरली, डोळ्याच्या जागी.
दिवे लागले.
काढली. जरा विचार करून विझले.

"मला करू दे," म्हणत बाई पुढं आल्या.
तळवा काचेवर सपाट ठेवला,
गाभण गाईच्या कुशीवर ठेवतात तसा,
आणि स्वतःचे डोळे मिटले.
समोरच्या भिंतीवर
दोन पिवळे गोल उमटले.

बिलात रिले लावला नाही.
माझ्या चुकीची पावती त्यांच्या नावावर कशाला?

जुनी चकती इराप्पानं
ट्यूबलाइटच्या पट्टीवर चिकटवून ठेवलीय.
गिऱ्हाईक नसलं की बोटानं दाबत बसतो.
बुडबुडा इकडचा तिकडं सरकतो.
फुटत नाही.