ऑर्व्हिल, हलू नकोस

"महिन्याला एकशे बारा डॉलर," आई फोनवर म्हणाली,
"आणि त्यात मासे पकडण्याचं एक आख्खं चॅनेल,
आमच्या घरात कुणी मासा धरलेला नाही."
पलीकडचा मुलगा गोड होता.
तीन महिने निम्म्या दरात देतो म्हणाला.
आई म्हणाली, बाळा, चौथ्या महिन्याचं बोल.

त्यानंतर केबल भिंतीतून नुसतीच लोंबत राहिली,
पाल निघून गेल्यावर मागे उरलेल्या शेपटीसारखी.

चर्चच्या जुन्या बाजारातून बाबांनी अँटेना आणला,
सहा डॉलरला. घासाघीस करून पाचला मिळाला असता,
पण विकणारी बाई क्रोएशियन निघाली.
एकतीस वर्षं पोलादाच्या भट्टीपाशी काढलेला माणूस
त्या चार ॲल्युमिनियमच्या कांड्या हातात तोलत राहिला:
याला तर वजनच नाही.

हॅमिल्टनमध्ये आमचं घर डोंगराखाली.
डोंगर कसला, तीनशे फुटांचा कडा,
पण गाव त्याला डोंगर म्हणतं म्हणून आपणही म्हणायचं.
समोर समुद्राएवढं तळं,
त्याच्या काठाला टोरांटो, आणि सरहद्दीपलीकडे बफेलो,
जिथे, बातम्यांवर विश्वास ठेवायचा तर,
रोज संध्याकाळी एका गोदामाला आग लागते.

चॅनेल शोधताना पडद्यावर आकडा चढायचा
आणि बाबा तो मोठ्यानं पुकारायचे, लिलाव चालल्यासारखा.
दिवाणखान्यात तीन.
न्हाणीघराच्या खिडकीत सात, पण तिथे बसणार कोण?
फ्रिजच्या डोक्यावर, पावाच्या डब्याला टेकवून,
कांड्या किंचित ईशान्येला:
एकोणीस!
तेव्हापासून टीव्ही स्वयंपाकघरात
आणि पाव ओव्हनमध्ये.

शनिवारी हॉकी.
वरच्या मजल्यावरचा ऑर्व्हिल यायचा,
न्यूफाउंडलंडचा, दाराएवढा रुंद,
स्वतःची खुर्ची स्वतः उचलून आणणारा.
तो सिंकजवळ बसला की गोलकीपरचे चौकोन व्हायचे,
आधी पाय, मग चेहरा, मग सगळा माणूसच फरशीसारखा.
तो फ्रिजच्या डाव्या हाताला बसला
की बर्फ इतका स्वच्छ, की पक अख्खी दिसायची.
का, ते कुणालाच कळलं नाही.
पण त्याची जागा ठरली. फरशीवर चिकटपट्टीच्या चार फुल्या,
खुर्चीच्या चार पायांसाठी.
त्यानं बिअरसाठी हात लांबवला तरी बाबा ओरडायचे,
ऑर्व्हिल, हलू नकोस!
आणि ऑर्व्हिल, ज्याला आयुष्यात कुणी इतकं
गरजेचं मानलं नव्हतं,
श्वास रोखून बसायचा.

फेब्रुवारीत त्याला इस्पितळात नेलं. हृदय.
शनिवारी फुल्यांवर खुर्ची रिकामी
आणि पडद्यावर अकरा माणसांचा चुरा.
आईनं खुर्चीवर पाण्याची बादली ठेवली:
माणूस म्हणजे तरी काय, बहुतेक पाणीच.
चित्र थोडं सुधारलं.
बाबांनी बादलीला त्याची टोपी घातली.
त्यानं काही फरक पडला नाही.

मग फोन वाजला.
त्या वॉर्डात पलंगाजवळच्या टीव्हीला दिवसाचं भाडं,
आणि ऑर्व्हिल म्हणाला, हवेतून येतं त्याचे पैसे
मी आता, या वयात, भरायला लागू?
बाबांनी रिसीव्हर कानाशी धरला
आणि क्रोएशियन वळणाच्या इंग्रजीत
खेळ सांगू लागले: आला, आला, डावीकडून, दिला पास,
मागे, नाही, थांब,

आणि नेमका तिथेच पडदा विस्कटला.
बाबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं,
ऑर्व्हिल, हलू नकोस.

फोनमधून बराच वेळ नुसतं यंत्राचं टिक टिक.
मग सहा मैलांवरून, उताणा, नळ्यांमध्ये,
हळूच, जणू बोलल्यानंही चित्र बिघडेल अशा आवाजात:
नाही हलत.
आता दिसतंय का?